परदेशी पोस्टकार्डांची देवाणघेवाण: पहिलं कार्ड टाकण्यापासून संग्रह जपण्यापर्यंत

फिनलंड, तैवान, ब्राझील किंवा जर्मनीतल्या कुणा अनोळखी माणसाने हाताने लिहिलेलं कार्ड आपल्या नावाने यावं, असं वाटणारे बरेच जण आहेत. सुरुवात मात्र थोडेच करतात. नोंदणी कुठे करायची, कार्डं मिळतात कुठे, तिकीट कितीचं लावायचं, आपला पत्ता द्यावा का, असे प्रश्न असतात आणि ते सांगणारं जवळपास कुणी नसतं. पोस्टातला कर्मचारीही कधीकधी विचारतो, “परदेशात पोस्टकार्ड? जातं का अजून?” जातं, आणि नेमाने जातं. गेली बरीच वर्षं मी हा छंद करतो आहे आणि या सगळ्या पायऱ्या चढून झाल्या आहेत. तुमचा सुरुवातीचा गोंधळ वाचावा म्हणून इथे क्रमाने लिहितो.

१. आधी पद्धत समजून घ्या

या छंदाचं सगळ्यात मोठं आणि सोपं प्रवेशद्वार म्हणजे पोस्टक्रॉसिंग हे संकेतस्थळ. पोर्तुगालमधल्या पाउलो मागाल्याइश या विद्यार्थ्याने १४ जुलै २००५ रोजी ते सुरू केलं. सभासदत्व फुकट आहे. तुमचा खर्च कार्डाचा आणि तिकिटाचा.

पद्धत अशी: तुम्ही पत्ता मागता. संगणक जगातल्या कुणाही एका सभासदाचा पत्ता आणि त्या कार्डासाठी एक क्रमांक देतो. भारतातून जाणाऱ्या कार्डाचा क्रमांक ‘आयएन’ या रोमन अक्षरांनी सुरू होतो. तुम्ही तो क्रमांक कार्डावर लिहून कार्ड टाकता. ते पोचलं की समोरची व्यक्ती क्रमांक नोंदवते, आणि त्यानंतर तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी जातो. म्हणजे तुम्ही ज्याला लिहिलंत तो तुम्हाला लिहीत नाही. तुम्हाला कार्ड येतं ते भलत्याच देशातून, भलत्याच माणसाचं.

इथे नवख्यांचा पहिला गैरसमज होतो. नोंदणी केली म्हणजे कार्डं यायला लागतील, असं त्यांना वाटतं. तसं नाही. आधी तुमचं कार्ड पोचायला हवं, त्यानंतर तुमच्या वाट्याचं निघणार. तेव्हा पहिलं कार्ड हातात पडायला दीड-दोन महिने लागले तरी काही बिघडलेलं नाही, हे मनाशी धरूनच सुरुवात करा.

सुरुवातीला एका वेळी पाचच कार्डं प्रवासात ठेवता येतात. तुमची कार्डं पोचत गेली की ही मर्यादा वाढत जाते. माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशीच पाचही पत्ते मागून घ्या. एकच कार्ड टाकून त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलात तर उत्साह टिकत नाही.

२. काय काय लागेल

फार काही नाही:

- चित्र-पोस्टकार्डं, निदान दहा. साधारण १० सेंमी × १५ सेंमी मापाची
- चांगलं काळं किंवा निळं बॉलपेन
- ‘एअर मेल’ लिहिलेली निळी चिठ्ठी. नसली तर हातानेच लिहा
- डिंकाची कांडी
- पोस्टाची तिकिटं
- एक वही किंवा मोबाइलमधली नोंद: कार्डाचा क्रमांक, देश, टाकल्याची तारीख
- टपाल हमखास मिळेल असा पत्ता आणि ई-मेल

शाईचं पेन आणि जेलपेन टाळा. अक्षर सुंदर दिसतं, पण आपल्याकडच्या जुलैत ते कार्ड टपालपेटीतून पिशवीत, पिशवीतून गाडीत जाताना एकदा जरी ओलं झालं तरी पत्ता पसरतो. पत्ता पसरला की कार्ड गेलंच.

३. नोंदणी करताना आपला पत्ता नीट बसवा

नोंदणीत सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे आणि लोक ते घाईत उरकतात. पत्ता रोमन लिपीत द्यायचा. तो नक्कल करणारा माणूस आपली गावं, आपली आडनावं आयुष्यात पहिल्यांदा लिहिणार आहे, हे लक्षात ठेवा. आपले पत्ते म्हणजे ‘गणपती मंदिरासमोर, जुन्या दवाखान्याच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, बी विंग, तिसरा मजला’. कार्डाच्या अर्ध्या भागात हे सगळं मावत नाही. मग लिहिणारा अक्षर बारीक करतो किंवा एखादी ओळ गाळतो, आणि नेमकी घर क्रमांकाची ओळ गाळतो.

चार-पाच ओळींत बसवा: नाव, घर क्रमांक आणि इमारत किंवा सोसायटी, रस्ता किंवा पेठ, गाव आणि पिन कोड, शेवटी देश. जिल्हा आणि राज्य गावाच्याच ओळीत आलं तर उत्तम. खूण एकच ठेवा, तीही खरोखर गरज असेल तर.

पिन कोड मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. परदेशी हस्ताक्षरात तुमच्या गावाचं नाव ओळखू येईल न येईल, पण सहा आकडे वाचता आले की कार्ड योग्य पोस्टात पोचतं. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात ही पिन कोडची पद्धत लागू झाली आणि तिची आखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने. ते टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतातले कवी. एकसारख्या नावाची गावं, वेगवेगळ्या भाषा आणि लिप्या, न वाचता येणारी अक्षरं, या अडचणींवर तो उपाय होता. परदेशातून येणारं कार्ड घरी पोचतं तेव्हा त्या सहा आकड्यांचं काम अगदी समोर दिसतं. मला त्यांच्याविषयी फार आदर आहे आणि या छंदातल्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असावं असं वाटतं.

भाड्याच्या घरात राहत असाल, वरचेवर घर बदलत असाल, तर गावाकडच्या घरचा किंवा दुकानाचा पत्ता द्या. कार्ड निघाल्यावर दोन महिन्यांनीही येऊ शकतं. सोसायटीतल्या पत्रपेटीवर तुमचं नाव दिसेल असं लावा. आणि तुमच्या भागातल्या पोस्टमनदादांना एकदा भेटून सांगा की माझ्या नावाने परदेशातून कार्डं येणार आहेत. साधं कार्ड आहे, त्यावर सही घ्यायची नसते, कुठे नोंदही नसते. ते तुमच्या पेटीत पडणं पूर्णपणे त्यांच्या हातात असतं. ओळख झाली की पत्त्यावरचा मजला चुकलेला असला तरी कार्ड बरोबर तुमच्याकडे येतं.

पत्ता फक्त टपालापुरता द्यायचा. मोबाइल क्रमांक, आधार, बँकेची माहिती यातलं काहीही या छंदाला लागत नाही. कुणी मागितलं तर संवाद तिथेच थांबवा. मुलांना हा छंद लावायचा असेल तर खातं आईवडिलांनी आपल्या देखरेखीत ठेवावं.

नोंदणीबरोबर स्वतःविषयी चार ओळी लिहायच्या असतात. ‘मला कार्डं आवडतात’ एवढंच लिहिलंत तर समोरच्याला काय लिहावं ते सुचत नाही. तुम्ही काय करता, तुमच्या गावात काय आहे, तुम्हाला कशाविषयी वाचायला आवडेल, हे सांगा. ‘तुमच्या आजीकडून शिकलेली एखादी गोष्ट लिहा’ अशी एखादी विनंती केलीत तर येणारी कार्डं भरगच्च येतात. उलट पंधरा अटींची यादी देऊ नका. लिहिणाऱ्याचा हात आखडतो.

४. कार्डं आणायची कुठून

आपल्याकडची खरी अडचण हीच. युरोपात कागदाच्या दुकानात फिरत्या मांडणीवर कार्डं लटकलेली असतात, आपल्याकडे शोधावी लागतात. संग्रहालयांची दुकानं, मोठी पुस्तकांची दुकानं, पर्यटनस्थळांवरचे विक्रेते आणि मोठ्या पोस्टांतला तिकीटसंग्राहकांचा विभाग, इतक्या ठिकाणी आधी पाहा. ऑनलाइन संचही मिळतात. वेरूळ-अजिंठ्याला विक्रेते लांब घडीचा अल्बम विकतात. त्यातली कार्डं सुटी करता येतात की नाही हे पाहून घ्या आणि जाडी बोटांनी तपासा. पातळ कागदाचं कार्ड यंत्रात दुमडतं.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे स्वतः छापून घेणं. कुठल्याही डिजिटल प्रिंटवाल्याकडे जा आणि त्याला असं सांगा: ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड, चार बाय सहा इंच, तेरा बाय एकोणीसच्या शीटवर नऊ बसवा, पुढच्या बाजूला रंगीत, मागे कोरं. लॅमिनेशन हवंच असेल तर एका बाजूलाच. हे दोनदा सांगा, कारण सवयीने दोन्ही बाजूंना होऊन येतं, आणि गुळगुळीत पाठीवर पेन उमटत नाही, तिकीट चिकटत नाही, शिक्काही पुसतो. ऑर्डर देण्यापूर्वी त्या कागदाचा तुकडा मागून घ्या, त्यावर तुमच्या पेनाने लिहा आणि अंगठ्याने पुसून पाहा.

चित्र कसलं? तुम्ही स्वतः काढलेला फोटो किंवा रेखाटन. परदेशी माणसाला ताजमहालाचं कार्ड सहज मिळतं. तुमच्या आठवडी बाजारातल्या भाजीवालीच्या पाट्या, एसटीचा थांबा, हुरड्याची भट्टी, भाताच्या खाचरात वाकलेल्या बायका, नारळी पौर्णिमेला सजलेली होडी, हे कुठल्याच दुकानात मिळत नाही. माणसांचे चेहरे ओळखू येत असतील तर त्यांना आधी विचारा. इंटरनेटवरून उचललेले फोटो छापू नका. ते कुणाच्या तरी हक्काचे असतात.

जुनी चित्रं आवडत असतील तर आपल्या घरातच खजिना आहे. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि तिथेच शिकवू लागले. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या माणसांची चित्रं पोस्टकार्डांसाठी काढली. रविवर्मा प्रेसच्या चित्रांचीही कार्डं निघत. हा छापखाना मुंबईहून लोणावळ्याजवळ मळवलीला हलवण्यात आला होता. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, धुरंधर १९४४ मध्ये. त्यांच्या चित्रांवरची हक्काची मुदत संपलेली असल्याने ती छापायला अडचण नाही. धुरंधरांची मूळ जुनी कार्डं आज संग्राहक चांगली किंमत मोजून घेतात. ती हाती आलीच तर प्रवासाला पाठवू नका, घरी ठेवा.

५. पत्ता मागा आणि ती व्यक्ती वाचा

पत्ता मिळाला की लगेच लिहायला बसू नका. त्या व्यक्तीने स्वतःविषयी काय लिहिलंय ते शेवटपर्यंत वाचा. कुणाला दीपस्तंभ आवडतात, कुणाला रेल्वे, कुणाला नकाशे, कुणी सुंदर तिकिटं मागतं. आवडीचं कार्ड तुमच्याकडे असेल तर छान. नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. ती इच्छा असते, हुकूम नसतो. दीपस्तंभाचं कार्ड नसलं तरी तुमच्या जवळच्या एखाद्या दीपस्तंभाविषयी दोन ओळी लिहिता येतातच.

कार्ड पाकिटात घालावं की उघडं? मागितलं नसेल तर उघडंच. तिकीट आणि शिक्के अंगावर घेऊन आलेलं कार्ड हीच संग्राहकाची आवड असते. पाकिटाचा दरही वेगळा पडतो. पाकिटात चहा, नाणं, राखी असं काही घालायचा मोह होईल. कागदाव्यतिरिक्त वस्तू गेली की सीमाशुल्काचं घोषणापत्र वगैरे मागे लागतं. नवख्यांनी या वाटेला जाऊ नये.

६. कार्ड लिहायचं कसं

कार्ड आडवं धरा. उजवा अर्धा भाग पत्त्याचा, त्याच्या वरच्या कोपऱ्यात तिकिटं, डावा अर्धा मजकुराचा. आधी तिकिटांची जागा पेन्सिलीने आखा. छोट्या पोस्टात बहुतेक वेळा कमी किमतीची तिकिटं मिळतात आणि ती तीन-चार लावावी लागतात. जागा न ठेवता लिहिलंत तर तुमच्याच मजकुरावर तिकीट चिकटवायची वेळ येते. तळाची दीड-दोन सेंमी पट्टी दोन्ही अर्ध्यांत रिकामी सोडा. बऱ्याच देशांत छाननीचं यंत्र तिथे पट्ट्यापट्ट्यांचा संकेत छापतं आणि खालची ओळ त्याखाली गडप होते.

कार्डाचा क्रमांक डाव्या भागात स्पष्ट लिहा, आणि दोनदा लिहा: एकदा वर, एकदा मजकुराच्या शेवटी. एकावर शिक्का बसला तरी दुसरा वाचता येतो. १ आणि ७, ० आणि ६ यांत गोंधळ होणार नाही असे आकडे काढा. ते इंग्रजी आकड्यांतच हवेत. सवयीने देवनागरी आकडे पडतात, तेवढं सांभाळा.

पत्ता जसाच्या तसा उतरवा. जर्मन नावांवरचे दोन ठिपके, पोलिश अक्षरांच्या शेपट्या गाळू नका. चीन, जपान, रशिया, तैवान इथले सभासद बऱ्याचदा स्वतःच्या लिपीतही पत्ता देतात. तो छापून, कापून चिकटवा. तिथल्या पोस्टमनला त्याने फार मदत होते. देशाचं नाव मात्र शेवटच्या ओळीत रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत, कारण आपल्या टपाल खात्याला तेवढंच वाचून कार्ड त्या देशाच्या पिशवीत टाकायचं असतं. ‘एअर मेल’ शेजारी फ्रेंच ‘पार आव्हियाँ’ लिहिलेलं तुम्हाला दिसेल. १८७४ साली बर्नच्या करारातून उभ्या राहिलेल्या जागतिक टपाल संघाची अधिकृत भाषा फ्रेंच आहे, त्यातून ते आलं.

आता मजकूर. ‘भारतातून नमस्कार, आनंदी राहा’ एवढं लिहून सुटणारी कार्डं असंख्य असतात. ती कुणाच्या लक्षात राहत नाहीत. जागा अवघी सात-आठ ओळींची. त्यात एकच गोष्ट सांगा, पण नीट सांगा. समजा फिनलंडमधल्या एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलंय की तुमच्या घरातलं आजचं जेवण सांगा. तर असं लिहिता येईल:

“आज आमच्याकडे संकष्टी चतुर्थी. माझ्या आईचा दिवसभर उपास आहे. रात्री चंद्र दिसल्यावर ती जेवेल. सध्या पावसाळा आहे, आकाश भरलेलं, चंद्र दिसणारच नाही. म्हणून आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये आमच्या गावाची चंद्रोदयाची वेळ पाहतो. आज ती उशिरा आहे. स्वयंपाकघरात मोदक वाफेवर ठेवले आहेत, त्यात खोबरं आणि गूळ असतो. ते शिजेपर्यंत मी तुम्हाला हे कार्ड लिहून काढतो आहे.”

बस, एवढंच. यात माहिती आहे, घर आहे, आणि त्या शिक्षिकेने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. इंग्रजीत लिहिताना वाक्यं साधी, छोटी ठेवा. समोरच्याचीही इंग्रजी ही मातृभाषा नसण्याचीच शक्यता जास्त. आणि शेवटी एक ओळ मराठीत, देवनागरीत जरूर लिहा, खाली तिचा अर्थ द्या. लोकांना ती फार आवडते, आपली लिपी त्यांनी कदाचित पहिल्यांदाच पाहिलेली असते.

तारीख आणि त्या दिवशीची हवा लिहायची प्रथा आहे. शेवटी फक्त पहिलं नाव. स्वतःचा पूर्ण पत्ता उघड्या कार्डावर लिहायची गरज नाही.

लिहून झालं की दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. क्रमांक वाचता आला नाही, कार्ड हरवलं, काही झालं तरी तो फोटो कामाला येतो.

७. पोस्टाच्या खिडकीवर

खरी परीक्षा इथे असते. गावातल्या शाखा पोस्टात परदेशी टपालाचं काम क्वचित होतं. पहिल्यांदा तालुक्याच्या किंवा शहरातल्या मुख्य पोस्टात जा. खिडकीवर नुसतं “परदेशात पाठवायचंय” म्हणालात तर पत्राचा, नोंदणीकृत टपालाचा किंवा स्पीड पोस्टचा दर सांगतील, आणि तो कितीतरी जास्त असतो. नेमकं असं म्हणा: “साधं परदेशी पोस्टकार्ड, हवाई टपालाने. तिकिटं द्या, मी लावतो.” घरून निघण्यापूर्वी भारतीय टपाल खात्याच्या संकेतस्थळावर चालू दर पाहून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दर बदलत असतात, आणि खिडकीवरच्या कर्मचाऱ्यालाही तो शोधावा लागू शकतो. अशा वेळी आवाज न चढवता फोटो दाखवला की काम होतं. पुढच्या वेळी ते स्वतःच म्हणतात, “या, कार्डवाले.”

पोस्टातलं पिवळं छापील पोस्टकार्ड हे देशांतर्गत टपालासाठी आहे. त्यावर छापलेल्या पन्नास पैशांत ते परदेशी जात नाही. कमी तिकिटाचं कार्ड परत येतं, रखडतं किंवा पोचलं तर समोरच्याकडून भुर्दंड वसूल होतो. बिचाऱ्याला आपल्या कार्डासाठी पैसे मोजावे लागू नयेत.

तिकिटं सुंदर हवी असतील तर तिकीटसंग्राहकांच्या विभागात जा. मुंबईच्या जीपीओत आणि मोठ्या शहरांच्या मुख्य पोस्टांत तो असतो. तिथे पक्षी, लोककला, थोर माणसं अशा विषयांवरची तिकिटं मिळतात. वर्षातून एकदा जाऊन पुरेशी घेऊन ठेवली की गावच्या पोस्टातल्या टंचाईची चिंता राहत नाही. मुंबईला जाणार असाल तर जीपीओची इमारतही पाहा. जॉन बेग यांनी तिचा आराखडा केला, १९१३ मध्ये ती पूर्ण झाली आणि तिचा घुमट विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत पाच मिनिटं.

तिकीट चिकटवताना थुंकीवर किंवा नुसत्या पाण्यावर विसंबू नका. कडा सुटतात. काउंटरवर ठेवलेल्या डिंकाच्या बाटलीत बुडवलेल्या काडीने लावलंत तर डिंक बाहेर येतो आणि दोन कार्डं एकमेकांना चिकटतात. आपली कांडी न्या, चारही कडांना लावा, कोरड्या कागदाने दाबा.

मग विनंती करा: “शिक्का हाताने माराल का, जरा हलक्या हाताने?” शिक्का समोरच बसला की तिकीट काढून घेतलं जाण्याची भीती राहत नाही, आणि गोल, वाचता येणारा शिक्का मिळालेल्या माणसाला फार आनंद होतो. बहुतेक कर्मचारी हे खुशीने करतात. काही पर्यटनस्थळांच्या आणि मोठ्या पोस्टांत कायमस्वरूपी सचित्र शिक्काही असतो. तो मागितल्याशिवाय मारत नाहीत, तेव्हा विचारा. गर्दीच्या वेळी, पेन्शनच्या दिवशी, दुपारी बंद होण्याच्या बेतात या विनंत्या करू नका. सकाळी अकराच्या सुमारास गेलात तर निवांत काम होतं.

८. वाट पाहणं

युरोपात दोन-तीन आठवडे, कधी दोन महिने. साठ दिवसांत नोंद झाली नाही की कार्डाची मुदत संपल्याचं दिसतं, तुमच्या मर्यादेतली जागा मोकळी होते आणि नवा पत्ता मागता येतो. कार्ड त्यानंतर पोचलं तरी वर्षभरापर्यंत नोंदवता येतं. तेव्हा तेच कार्ड घाईने पुन्हा पाठवू नका.

टपालाचे मार्ग अधूनमधून बंदही होतात. २०२५ च्या ऑगस्टअखेर भारतातून अमेरिकेला जाणारं टपाल थांबलं होतं, ते ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा सुरू झालं. डेन्मार्कमध्ये तर सरकारी टपाल कंपनीने २०२५ च्या अखेरीस पत्रं वाटणंच थांबवलं आणि ते काम खासगी कंपनीकडे गेलं. पत्ता मिळाल्यावर त्या देशाची सेवा चालू आहे ना, हे खिडकीवर विचारायला दोन मिनिटं पुरतात.

९. कार्ड आलं की

त्याच दिवशी क्रमांक नोंदवा. तुम्ही नोंदवल्याशिवाय पाठवणाऱ्याला पुढचं कार्ड मिळत नाही. आठ दिवसांसाठी गावाला गेलात तर समजण्यासारखं आहे, पण आळसाने ठेवू नका. क्रमांक पुसट असेल तर पोस्टक्रॉसिंगवरच मदत मागण्याची सोय आहे: देश, वाचता येणारे आकडे, मजकुरातलं नाव द्या, ते शोधून देतात.

नोंदवताना आभाराचे दोन शब्द पाठवायचे असतात. ‘धन्यवाद, छान कार्ड’ इतकंच लिहू नका. त्यांनी लिहिलेल्या एखाद्या गोष्टीला उत्तर द्या. त्यांनी सफरचंदाच्या बागेविषयी लिहिलं असेल तर तुमच्याकडच्या आंब्याच्या मोहराविषयी सांगा. त्या माणसाने तिकीट, वेळ आणि पोस्टापर्यंतची पायपीट तुमच्यासाठी खर्च केलेली असते.

१०. थेट अदलाबदल

पंधरा-वीस कार्डं झाली की कुणीतरी विचारतं, थेट अदलाबदल करू या का? म्हणजे मी तुला, तू मला. यात हवं ते कार्ड मागता येतं, पण क्रमांक नसतो, नोंद नसते, सगळं शब्दावर चालतं. आधी दोघांनी कार्डांचे फोटो दाखवायचे, लिहिलेलं हवं की कोरं ते ठरवायचं, तिकीट कार्डावर की पाकिटावर ते ठरवायचं, आणि एकाच आठवड्यात टाकायचं. टाकल्याचा निरोप द्यायचा. दहा कार्डांचा संच पहिल्याच खेपेला पाठवू नका. एकापासून सुरू करा, मग वाढवा. पैसे मागणाऱ्याशी अदलाबदल नाही. कुणी थेट अदलाबदल नको असं लिहिलं असेल तर विचारूही नका.

११. संग्रह जपणं

आपल्या हवेत कागद जगवणं सोपं नाही. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कागद नुसता ओलसर लागतो. त्यावर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात, कसर लागते. कार्डं पॉलीप्रॉपिलीनच्या पारदर्शक कप्प्यांत ठेवा. पीव्हीसीचे स्वस्त अल्बम घेऊ नका, ते काही वर्षांनी चिकट होतात आणि छपाई ओढून घेतात. पूर्ण लॅमिनेशन करू नका, रबर बँड लावू नका, सेलोटेप तर अजिबात नको. डबा भिंतीला टेकवून किंवा लोखंडी कपाटाच्या तळाशी ठेवू नका. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, दसऱ्याच्या सुमारास सगळी कार्डं बाहेर काढून सावलीत हवा द्या. कडक उन्हात नको, रंग उडतो.

मांडणी देशानुसार करावी असं बहुतेकांना वाटतं. मी येण्याच्या तारखेनुसार लावतो. त्यात तैवानच्या शेजारी पोर्तुगाल येतो आणि त्या महिन्यात आपल्या पेटीत काय काय पडलं ते एका नजरेत दिसतं. मागच्या बाजू वाचता येतील अशीच सोय ठेवा. चित्राइतकीच ती बाजू मोलाची आहे.

१२. १ ऑक्टोबरची तयारी

१ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत जगातलं पहिलं अधिकृत पोस्टकार्ड निघालं. भारतात ते १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला आलं. १ ऑक्टोबर आता जागतिक पोस्टकार्ड दिन म्हणून पाळतात आणि त्या दिवशी जगभरातून एकाच वेळी कार्डं टाकली जातात. शाळेत शिकवत असाल तर वर्गाला हा छंद लावायला याहून चांगला मुहूर्त नाही: मुलांकडून आठ दिवस आधी चित्रं काढून घ्या, मुख्य पोस्टातून तिकिटं आणून ठेवा, आणि पोस्टमास्तरांना आधी कळवा की अमुक तारखेला पन्नास कार्डं हाताने शिक्का मारायला येणार आहेत. त्या दिवशी नवा पत्ता मागायचा असेल तर तुमच्या मर्यादेत जागा लागते, म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळे पत्ते मागून टाकू नका, दोन-तीन जागा राखून ठेवा.